निळ्या टोपीची नळी

अशोक चौकाजवळ आमची लॅब, जिन्यावरची.
खाली मागांचा खडखडाट, वर सेंट्रिफ्यूजची भिंगरी,
कधीकधी दोन्हींचा ठेका जमतो
लाइट जाईपर्यंत.

नरसव्वा येमूल. डावी पोटरी सुजलेली,
कातडी ताणून चकचकीत.
विड्या वळायला बसलं की मांडी
दुपारपर्यंत मोडत नाही, म्हणाली.
निळ्या टोपीच्या नळीत रक्त घेतलं,
बरोबर खुणेच्या रेघेपर्यंत;
कमी पडलं तर आकडा फसवतो.

डी-डायमर: सहाशे चाळीस.
यंत्रानं पुढं चांदणी छापली.
पाचशेच्या वर गेलं की छापतंच ते,
ताप असो, बाळंतपण असो,
कालपरवाचं ऑपरेशन असो,
नुसतं म्हातारपण असो.

"म्हंजे रक्ताची गाठ हाय का?"

काय सांगू, अम्मा.
हा साक्षीदार 'नाही' म्हणाला
आणि पायही फार काही बोलत नसला,
तर बिनघोर घरी जावं.
पण त्याच्या 'हो'वर
कुणी उधारसुद्धा देणार नाही.

डॉक्टर गुंडेटी म्हणाले, पन्नाशीपुढं
वयाला दहानं गुणायचं, तेवढी सूट.
आधारवर एक जानेवारी सदुसष्ट.
अठ्ठावन्न. पाचशे ऐंशी. म्हणजे जास्त.

"बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला होते.
मुकादम पुरी हजेरी लावायचा माझी."

पाच वर्षांच्या पोरीला पुरी हजेरी?
मी बोटांवर मोजलं, डॉक्टरांनी पाकिटाच्या पाठीवर.
अडुसष्ट तरी. सहाशे ऐंशी. म्हणजे ठीक.
तेच रक्त, तीच नळी,
मध्ये कुण्या कारकुनानं
अंदाजानं टाकलेली एक तारीख.

"राहू दे आकडा," डॉक्टर म्हणाले,
"एवढ्या सुजेला डॉपलरच."
डॉपलरचे पैसे तिनं विड्यांत मोजले.
सात हजार. मग पदराची गाठ सोडली.

अंधाऱ्या खोलीत शीर दाबून बघतात.
मोकळी असली तर मिटते,
आत गाठ असली तर मिटत नाही.
तिची मिटली. मांडीपासून पोटरीपर्यंत, दर बोटाला.
गुडघ्यामागची पाण्याची पिशवी फुटली होती म्हणे.

रिपोर्टवर चांदणी तशीच आहे.
वयाचा रकाना तेवढा दुरुस्त करायला गेले,
संगणकानं आधार मागितला.