माझं कुलूप

बाबा नऊ वर्षांचे असताना
गिरणीच्या पहाटेच्या भोंग्याआधी उठून
रेल्वे लाईनच्या देवळात वेदीसेवेला जायचे.
पायात काही नाही, अंगात लाल झगा,
तोंडात लॅटिन,
सगळं पाठ, कशाचाच अर्थ नाही.
मेआ कुल्पा, मेआ कुल्पा,
छातीवर तीनदा मूठ.
त्यांना वाटायचं, कुलूप.
माझं कुलूप, माझं कुलूप.
फादर पाठमोरे उभे,
भिंतीकडल्या देवाशी काही बोलतायत
आणि आपण दार ठोठावतोय
आतून.

मग एका रविवारी फादर वळले.
मधोमध नवं लाकडी टेबल,
साखर पेठेतल्या सुतारानं केलेलं,
एक पाय आखूड, खाली पुठ्ठा.
बाबांना त्या मिस्सेतलं एवढंच आठवतं:
फादर हाइंत्सच्या हनुवटीवर दाढी करताना कापलं होतं
आणि त्यावर वर्तमानपत्राचा कपटा चिकटवलेला.
सगळं देऊळ त्या कपट्याकडे बघत होतं.

मराठी आली.
माझ्या अपराधामुळे, माझ्या अपराधामुळे,
माझ्या मोठ्या अपराधामुळे.
बाबा घरी येऊन आईला म्हणाले,
कुलूप बरं होतं.
अपराध म्हटलं की मुकादम आठवतो.

पुढे कठडा निघाला, जिथे गुडघे टेकायचे तो.
आता सायकल स्टँडला आहे, हिरवा रंग देऊन.
पेटी आली, टाळ आले.
रोजम्मानं एकदा मध्येच तेलुगूत गाणं धरलं,
कुणी थांबवलं नाही,
अर्धं देऊळ तिच्याबरोबर गाऊ लागलं
तेव्हा कळलं, अर्धं देऊळ तेलुगू आहे.
डोक्यावरचे पदर गेले, म्हणजे साड्याच गेल्या.
पापनिवेदनाच्या खोक्यात
झाडू, आणि नाताळच्या देखाव्यातला उंट.
गीतांचे शब्द भिंतीवर पडू लागले.
लाईट गेली की सगळे एकदम मुके
आणि बाबा एकटेच पुढचं कडवं म्हणत.

एक मात्र नाही.
रांगेत सगळे हात पुढे करत, बाबा जीभ.
हे हात? म्हणायचे.
चाळीस वर्षं रंगखान्यात, नॅप्थॉलच्या हौदात,
चादरींचा लाल, चादरींचा मोरपंखी
रेषांत मुरलेला.
डब्यातल्या भाकरीला कडेनं गुलाबी लागायचं.
ते खाल्लं. पण हे?

मग ते वर्ष. देवळालाच कुलूप,
खरंखुरं, पितळी.
मोबाईल तांब्याला टेकवून मिस्सा.
बाबा त्याच्यापुढेही खाली बसत.
मध्येच चित्र थांबून नुसतं गोल गोल फिरू लागलं
की मान खाली घालत.
त्यांना वाटे, ही मौनाची जागा.
मी कधी सांगितलं नाही.

देऊळ उघडलं तेव्हा बाबांचे गुडघे संपले होते.
आणि नियम: जिभेवर नाही.
आजाऱ्यांना घरी प्रभुभोजन न्यायला
फादरांनी तिघांना नेमलं,
त्यात मी.
डबी गळ्यात, ओढणीखाली.
कन्ना चौक ओलांडताना मी हॉर्नसुद्धा वाजवत नाही.

पहिलं घर आमचंच.
बाबांनी दारात मला पाहिलं,
माझ्यामागे कुणी आहे का ते पाहिलं.
बराच वेळ बोलले नाहीत.
मग उठले, भिंत धरून मोरीपाशी गेले,
साबण लावून दोनदा हात धुतले,
लुंगीला पुसले,
आणि विचारलं, डावा वर की उजवा?

ख्रिस्ताचं शरीर, मी म्हटलं.
आमेन, ते म्हणाले.
हा एक शब्द त्यांना कुणी बदलायला लावला नव्हता.

पण तोंडात घातलं नाही लगेच.
तळहात तसाच खिडकीच्या उजेडाकडे नेला.
बघ की गं,
रंग लागलाय का?