अकरा मिनिटं कमी

मुंबईत म्हणे त्याला कसाई म्हणायचे.
हेरंब सातघरे : पोस्टरवर नावच यायचं ओघळत.
अग्रलेख झोडपायचे,
तिकिटं काळ्या बाजारात जायची.

रुवीत त्याला कुणी कसाई म्हणत नसे.
इथे कात्री माझ्या हातात होती.

बुधवारी रात्री खल्फानसाहेब येऊन बसत,
हातात तसबीह, शेजारी सुलेमानी चहा.
पडद्यावर सुरा निघाला की नुसतं बोट वर करत.
मी रिळात चिठ्ठी सरकवायचो,
पहाटे एसीच्या घरघरीत कापायचो, चिकटवायचो.
सुरा निघतो,
आणि थेट आई उंबऱ्यावर बसलेली.
कोयता वर जातो,
आणि थेट भावाचे जोडे, खाटेखाली.

मधलं काही नाही.

शुक्रवारी गवंडी, प्लंबर, क्रेनवाले
रुमाल घेऊन येत त्याच्या पिक्चरला.
"काय रडवतो हो हा माणूस,"
राजापूरचा इस्माईल फणसोपकर म्हणायचा,
चार वर्षं घर न पाहिलेला.
"मारामारी नाही, काही नाही.
नुसती माणसं जातात."

सात सिनेमे. तेलाचे सात डबे माझ्या पलंगाखाली.

पुढे कितीतरी वर्षांनी मंडळाने त्याला मस्कतला बोलावलं.
कानात यंत्र, गुडघ्याला पट्टा,
रक्तावरच्या प्रश्नांची उत्तरं घोकून आलेला.
कुणी विचारलंच नाही.
इस्माईल उठला, म्हणाला,
"साहेब, दुःख दाखवावं तर तुम्हीच."
त्याने मागे वळून पाहिलं,
दुसरं कुणी बसलंय का.

रात्री खोलीवर आला. मीच बोलावलं.
झाकण उघडताच आंबूस वास, लोणचं बिघडल्यासारखा.
ट्यूबलाइटपुढे एकेक पट्टी धरत गेला.
मसालेदार चहा निवून गेला.
या जुन्या फिल्मचं असंच होतं,
निळा उडतो, पिवळा उडतो, लाल तेवढा उरतो.
आभाळ लाल. लुगडं लाल. चुन्याची भिंत लाल.
यातलं रक्त कुठलं
ते त्यालाही सांगता येईना.

एका पट्टीवर थबकला.
एक पोरगं, दोन्ही हातांत तांब्या धरून
दारातून आत येतंय.
"हेही कापलंस?"
"घाईत गेलं, साहेब. चार बोटं जास्त."
"मग पुढे म्हातारा पाणी पितो,
ते कुठून आलं, कुणी विचारलं नाही?"
"नाही."

त्याने कानातलं यंत्र काढलं
आणि बराच वेळ हसत बसला. हसतच होता बहुतेक.

मला वाटलं, पट्टी खिशात घालेल.
त्याने ती परत डब्यात ठेवली, सगळ्यात वर.
झाकण बसेना.
शेवटी दोघांनी गुडघे रोवले, त्याने दुखरा,
आणि दाबून धरलं,
जसं त्याच्या तिसऱ्या सिनेमात
चौघे मिळून एकाला दाबतात,
तो भाग इथे फक्त मी पाहिलाय.