बाजू ब

इल्गवार्स गेला त्यानंतरच्या तिसऱ्या मंगळवारी
त्याची बहीण बुटांच्या खोक्यातून कॅसेटी घेऊन आली.
बत्तीस. मी मोजल्या, मग मोद्रिसने मोजल्या,
मग कुणीच काही बोलेना म्हणून मी पुन्हा मोजल्या.

लिएपायात वारा कधी पडत नाही.
आमचं तळघर तेवढं वाऱ्याच्या खाली,
बंद पडलेल्या बेकरीचं. भिंतींना अजून काळ्या पावाचा वास,
त्यात तापलेल्या कथलाचा.
इथे आम्ही पाचजण, म्हणजे आता चौघं,
चाळीस वर्षांपूर्वीची यंत्रं जागी करतो.
कशासाठी, असं माझा नवरा विचारायचा.
इल्गवार्स म्हणायचा, झोपलेल्याला उठवायला कारण लागतं होय?
लागतं रे. आता वाटतं, लागतं.

कपॅसिटर तो नाकाने तपासायचा.
बोर्डावर वाकून, डोळे मिटून, खरबूज हुंगावं तसा.
"हा गेला," म्हणायचा, आणि तो खरंच गेलेला असायचा.
स्वतःच्या छातीतलं त्याला हुंगता आलं नाही,
किंवा आलंही असेल.
शेवटच्या मंगळवारी एवढंच म्हणाला,
जिना वाढलाय का गं?
आम्ही हसलो. अकरा पायऱ्या, सगळ्यांना पाठ.

माझा बारीक स्क्रूड्रायव्हर चार वर्षं त्याच्याकडे होता.
तोही खोक्यात निघाला, मुठीला पांढरी पट्टी गुंडाळलेला,
पट्टीवर माझं नाव, त्याच्या तिरक्या अक्षरात.
"देणारच होता मेला," मी म्हणाले
आणि गप्प झाले.
इतकी वर्षं दिवसाला दहादा दिलेली शिवी,
आता ती शिवी राहिली नाही.

एकोणिसाव्या कॅसेटवर लिहिलंय: समुद्र, तिसरी आवृत्ती.
हा खेळ त्याने चोविसाव्या वर्षी लिहिला,
स्वतः जोडलेल्या यंत्रावर;
निम्मे भाग रेडिओच्या कारखान्यातून
खिशातून बाहेर आलेले.
बाजू अ लावली. ट्रामच्या चाकांनी
शेवटच्या वळणावर काढावा तसला आवाज
(सत्तावीस वर्षं मी तो आवाज चालवलाय).
सहा मिनिटं. या सहा मिनिटांत आमच्यात कुणी बोलत नाही,
खुर्चीसुद्धा सरकवत नाही.
मग पडद्यावर पाणी आलं, आणि नाव, तीन चौकोनांची.
धक्क्याला काही ती लागेना.
कधीच लागत नसे. झिगुर्द्सचं म्हणणं, ती चूक आहे.
इल्गवार्सचं म्हणणं, तो समुद्र आहे.

बाजू ब.
आधी खरखर. कुणीतरी खाकरलं.
मग तो, पोरसवदा, घाईतला:
"एक, दोन, एक, दोन. स्कायद्रीते,
दार लाव ना, वारा रेकॉर्ड होतोय."

यंत्र थांबलं. वाचता येत नाही, म्हणालं.
मी गुंडाळून पुन्हा लावली. वाचता येत नाही.
झिगुर्द्सने स्पिरिटचा बोळा पुढे केला, हेड पुसायला.
मोद्रिस म्हणाला, थोडी पुढे घे, प्रोग्रॅम तिथून सुरू होतो.
त्याचं बरोबर होतं.
एल्झा सतरा वर्षांची, आमच्यात नवी.
तिने विचारलं, हे गाळायचं का?
नियम त्याचाच: उतरवताना काही गाळायचं नाही,
खरखर असली तरी खरखरीसकट.
मी तिला तेवढंच सांगितलं
आणि तिसऱ्यांदा लावली.

"...वारा रेकॉर्ड होतोय."
टेपवरचं दार काही लागत नाही.
वारा येत राहतो, बराच वेळ,
यंत्राला न कळणारा.

स्कायद्रीते कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती,
कोट न काढता, रिकामं खोकं मांडीवर.
तिने खोकं खाली ठेवलं.
एकेक पायरी मोजत अकरा पायऱ्या चढली
आणि वरचं दार लावून आली.