उलटं झबलं

खडेबाजारात दुकानदारानं
काउंटरवर सात फ्रॉक पसरले.
मखमलीचा, टिकल्यांचा,
एकाला तर पाठीवर पंख.
"पहिली लेक न्हवं? मग हात का आखडता?"

मी गळ्यात बोटं घालून बघत होतो.
मंगलनं निघताना बजावलेलं :
डोक्यावरून ओढायचं नको,
मान धरलेली नाही अजून.
पुढं बंद असू देत, बटण नको.
इलॅस्टिकचा वळ मांडीवर दिवसभर राहतो.
आणि एक माप मोठंच आण,
ती काय तुझ्या पगारासारखी
एका जागी थांबणार आहे?

पंखवाला मी तरी दोनदा उचलला.
खोटं कशाला बोलू.

वडगावात वीस वर्षं मागावर आहे.
जरीचा काठ, पदरावर कोयऱ्या,
किती नवऱ्या माझ्या सुतात बोहल्यावर चढल्या असतील.
घरात शोधलं तर
पोरीच्या अंगाला लावावं असं
माझ्या हातचं वीतभर कापड नाही.
सगळं टोचतं.

शेवटी पलीकडची नीलव्वा आली
सासऱ्याचं जुनं धोतर घेऊन.
"म्हातारा आता पँट घालतोय," म्हणाली.
"मेत्तग इरबेक,"
आणि कापड स्वतःच्या गालाला लावून दाखवलं.
मऊ पाहिजे, एवढंच.
त्याचे चौदा लंगोट झाले, दोन झबली,
उरल्या पट्टीची तिनं कुलावी शिवली,
आम्ही तिला टोपडं म्हणतो,
पोरगी काहीच म्हणत नाही,
डोळ्यांवर येऊ देते.

मग झड लागली. तीन दिवस काही वाळेना.
लंगोट नेऊन मी मागाच्या वरच्या दांडीवर टाकले,
मोटारीच्या उबेला.
मालकानं बघितलं, बोलला नाही,
जाताना एक सरळ करून गेला.

बारशाला खानापूरची मावशी आली.
पाळण्यात वाकली आणि पहिलं तेच :
"अगं, झबलं उलटं घातलंयस की!"
"असू दे," मंगल म्हणाली,
"शिवण बाहेर राहते."

मावशीला काय सांगू,
माग सगळा तसाच चालतो,
साडी पालथी विणतात,
दिवसभर माझ्यासमोर गाठी आणि तुटकी टोकं.
मग बाई नेसते तेव्हा
चांगली बाजू लोकांकडं,
गाठी तिच्या अंगाला.
आमच्या घरात हे पहिलंच कापड
जे लोकांकडं पाठ करून बसलंय.

मावशीनं पिशवीतून पुडकं काढलं.
पाठीवर पंख. माप दोन वर्षांचं.
मंगलनं माझ्याकडं बघितलं.
मी कौलांकडं.