फट

माळारला आज भरती तीन चाळीसची.
मी मिरजेची, पाणी नळाला येतं एवढंच माझं ज्ञान;
पण खोलीची खिडकी खाजनावर उघडते
आणि दिवाडीत वीज गेली की
दुसरं काही बघायला उरत नाही.

लॅपटॉपची बॅटरी एकेचाळीस टक्के.
समोर एकच फंक्शन, एकशे अठ्ठ्याऐंशी ओळी.
काम एका वाक्याचं:
कुणी विचारलं, माझी फाइल खरंच डिस्कवर पोचली का,
तर पोचेपर्यंत उत्तर द्यायचं नाही.

बारा वर्षांत सात जणांनी त्यात हात घातलेले.
जर्नल असेल तर, नसेल तर,
मजकूरही जर्नलातूनच जात असेल तर,
आणि त्या तरच्या पोटात आणखी एक तर,
ओल्या जाळ्यासारखं: एक टोक उचललं की सगळंच वर येतं.
मध्येच कुणाची तरी टीप:
हे इथे का आहे आठवत नाही, काढू नये.

मी तीन कप्पे केले.
जर्नल नसलेल्यांचा वेगळा:
नवी फाइल लिहायची, मग जिच्यात तिचं नाव आहे ती डिरेक्टरी,
तीही नवी असेल तर तिची आई,
असं वर वर,
आधीच नोंदलेली कुणी भेटेपर्यंत.
नाहीतर मजकूर शाबूत,
आणि त्याला हाक मारायला नाव नाही.
इथवर नुसती आवराआवर.
भांडी घासायची, आमटी बदलायची नाही.

तेव्हा ती ओळ दिसली.
नोंद आधीच कमिट झालेली असेल
तर फंक्शन तिथूनच शून्य परत देतं.
शून्य म्हणजे यश.
डिस्कला विचारतच नाही
की बाई गं, तुझ्या कॅशमध्ये अजून काही ओलं आहे का.

परवा संध्याकाळी इनास मानशीवर होता.
मानस म्हणजे बांधातलं लाकडी दार,
ओहोटीला आतलं पाणी सोडायचं,
भरतीला खारं बाहेरच थोपवायचं.
त्यानं दोर सोडला, फळी धप्पकन खाली गेली,
दोर सैल पडला.
मी म्हटलं, झालं?
तो काही न बोलता गुडघाभर चिखलात उतरला
आणि फळीच्या बुडाशी तळवा धरून राहिला
बराच वेळ, नाडी बघतात तसा.
"दोर फट मारता," म्हणाला. "उदक मारना."

फट, त्याच्या बोलीत, खोटं.
माझ्या बोलीत, जिथून पाणी शिरतं ती.
फळीखाली एक काटकी अडकली होती, बोटाएवढी.
एवढ्यानं शेत जातं, तो म्हणाला,
आणि ती काढून कानामागे खोचली,
विडी खोचावी तशी.

मी दोन पॅच केले.
पहिल्यात आवराआवर.
दुसऱ्यात फक्त चार ओळी:
कमिट झालेलं असो वा नसो,
डिस्कला एकदा विचारायचं, आणि ती बोलेपर्यंत थांबायचं.
वर लिहिलं: दोर पाहू नये.
चेन्नईहून सेल्व्हन उद्या विचारणार, कसला दोर?
ओळ काढावी लागेल. आजची रात्र राहू दे.

चाचणीचं मशीन टेबलाखाली आहे.
ते लिहितं, हो म्हणतं,
आणि हो ऐकताक्षणी मी वायर उपटते;
पुन्हा लावून बघते, काय उरलं.
असं दोनशे वेळा करायचं ठरलंय.
पण वायर उपटायलाही आधी वीज हवी.

बॅटरी नऊ टक्के.
दोन्ही पॅच सेव्ह केले.
लॅपटॉप लगेच म्हणाला, झालं.
त्याच्यात अजून जुनंच फंक्शन आहे.

बाहेर तीन चाळीस.
बांधावर कुणाची तरी बॅटरी हलते आहे,
खाली, अगदी पाण्यालगत,
आणि बराच वेळ तिथेच थांबते.