पंचांगासोबत आलेला

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी बाबांचा फोन:
"मशीन येड्यावानी करून राहिली.
माउसले हात नाही लावला
तरी बाण आपल्याच मनानं फिरते."

गोळीबार चौकातल्या घरी पोहोचले तर
स्क्रीनवर उशीचा अभ्रा पांघरलेला,
सीपीयूवर भाच्याचा मागच्या वर्षीचा लाकडी नंदी
आणि पॉवरच्या बटणाशी लिंबू-मिरची.
"शेजारच्या ढोबळेबाईनं," बाबा म्हणाले. "मी नाही."

पाडव्याला फुकटचं पंचांग उतरवलं होतं त्यांनी.
राहुकाळ बरोबर सांगायचं ते.
त्याच्या पोटात बसून दुसराच कोणी
बाबांच्या बोटांचा हिशेब ठेवत होता.

मी स्कॅन लावला. तीन तास, म्हणाला.
बाबांनी चहा टाकला, नेटची वायर उपटली,
आणि जाता जाता दाराची कडीही लावली.

एकशे चौदा सापडले. नावं अशी,
जशी बीपीच्या गोळ्यांची. एकेक काढत गेले.
एक फाइल मात्र साधी, नुसता मजकूर,
पाच महिन्यांत दाबलेली प्रत्येक कळ:
वीजबिलाचा ग्राहक क्रमांक,
पासवर्ड, म्हणजे आईचं नाव आणि ती गेली ते साल,
गुडघा रात्रीच का दुखतो,
बेसा प्लॉट भाव,
आणि एप्रिलमध्ये एकदा, रात्री दोन दहाला,
इंग्रजी अक्षरांतली बाबांची मराठी:

सेवक
मागे मागे मागे
प्रिय सेवक
प्लॉटचं जाऊ दे
मागे मागे
तुझ्या पोरीच्या लग्नात मी आलो होतो
मंडपाच्या बाहेर रिक्षात बसून होतो
पंगत उठेपर्यंत

आणि इथे बॅकस्पेस, एकशे दोन वेळा.
मी नाही मोजले. चोरानं मोजून ठेवले होते.

सव्वीस रात्री हेच पत्र.
सकाळी पान कोरं.
इतवारीतल्या काकांपर्यंत, दीड किलोमीटर,
ते कधी गेलंच नाही.
गेलं कुठल्या तरी देशातल्या
कुठल्या तरी गार खोलीत,
खोडलेलं धरून, एक अक्षर न गाळता.

खाली ढोल वाजायला लागले.
"खोकला घेऊन जा गे मारबत!
महागाई घेऊन जा गे मारबत!"
पोरांचा गळा बसलेला, तरी ओरडत होती.
बाबा गॅलरीतून चष्मा पुसत आत आले.
"सगळं काढलं न?"
माझं बोट तेव्हा डिलीटवर होतं.
"काढून राहिले."
दाबलं. मग टोपलीही रिकामी केली.
ती विचारते ना, नक्की का म्हणून,
तिथे जरा वेळ लागला.

नवा पासवर्ड त्यांनीच टाकला,
मी खिडकीकडे तोंड करून उभी.
आठ कळा ऐकू आल्या. एकही मागे नाही.

निघताना, चपला घालताना, पाठीमागून:
"हे जे आतमधी बसून पाहते न,
त्याले मराठी समजत असंल का?"
"नाही बाबा. त्याला नुसते आकडे लागतात."

"हं."
नंदी उचलला, बनियनीनं पुसला,
परत ठेवला, तोंड भिंतीकडे.
"म्हणजे कोणीच नाही वाचलं."

माझ्या एका चपलेचा पट्टा
काही केल्या लागत नव्हता.