नाव न ठेवलेली जागा

मुक्कामी गाडी रात्री साडेनऊला कवठ्यात लागते.
ड्रायव्हर टपावर अंथरूण टाकतो,
मी सोजरबाईच्या ओसरीवर.
महामंडळाच्या कागदात या ओसरीची नोंद नाही.

गावभर शिजल्या हळदीचा वास.
दिवसभर उभे राहिलेले पाय
मी तिच्यापुढं टाकते, डेपोत पैशाची बॅग टाकतात तसे:
घे मोजून. कमी भरलं तर माझ्या पगारातून.

ती कर्डीचं तेल कोमट करते.
कळमनुरीच्या शिबिरात तिला एक कागद मिळाला होता,
पायाचं चित्र, चित्रावर ठिपके, ठिपक्यांना आकडे.
आकडे तिला वाचता येत नाहीत,
म्हणून नावं तिनंच ठेवली.

गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं,
नडगीच्या बाहेरच्या अंगाला:
"ही कोसाची जागा.
इथं दाबलं की थकलेलं मानूस अजून कोसभर चालतंय."
मी चालत कुठं, मी तर उभीच.
सीटच्या कडेला मांडी टेकवून
सेनगावचा प्रत्येक खड्डा गुडघ्यात घेते.
"मंग कोसभर उभी राहा," ती म्हणते.

गुडघ्यामागं, लवणीत: कमरेची किल्ली.
"कुलूप वर, किल्ली खाली.
मह्या नवऱ्यानं ठेवल्यावानी."
पोटरीचं मांस जिथं दोहीकडं फाटतं
तिथं गोळ्याचं घर.
रात्री पाय वळला की आधी इथं जायचं,
मग देवाचं नाव.

आणि अंगठा नि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात: रागाची.
दाबली तशी मी ओरडले.
"एवढा कोनावर?"
सुट्ट्या पैशांवर.
"आन?"
औंढ्याला चढून रोज पाचशेची नोट काढणाऱ्या म्हाताऱ्यावर.
"आन?"
ती दाबत राहिली. मी गप्प.
चिमणीभोवती एक पाखरू फिरत होतं,
आम्ही दोघी त्याच्याकडं बघत होतो.

मग तिचा अंगठा घोट्याच्या आतल्या अंगानं
चार बोटं वर सरकला,
आणि थांबला.
"काहून गं, पाळी कवा आलती?"

लोकांच्या पासाची संपलेली तारीख
मी दारातूनच ओळखते.
पण ही तारीख शोधायला
ड्युटीच्या तक्त्यातून मागं मागं जावं लागलं:
नर्सीजवळ गाडी बंद पडली तो आठवडा,
त्याच्या आधीचा सोमवार,
नाही, त्याच्याही आधीचा.
सकाळची मळमळ मी डिझेलच्या नावावर टाकली होती.

सोजरबाईनं अंगठा उचलला,
पदराच्या टोकानं तेवढ्याच जागेचं तेल पुसलं.
"मंग ही नाही दाबायची.
तपासून ये आदी."
हिचं नाव काय ठेवलंय?
"हिला म्या नाव नाही ठेवलं,"
एवढं म्हणून ती वाटी घेऊन आत गेली.

रात्रभर पाय हलके होते
आणि झोप नव्हती.

पहाटे साडेपाचला घंटी दिली.
दुधाचे कॅन चढले, शाळेची दोन पोरं,
एक माणूस कोंबडी घेऊन.
मी कंडक्टरच्या सीटवर बसले.
नोकरी लागल्यापासून फाट्यापर्यंत बसून आलेली ही पहिलीच खेप.
लोक पैसे घेऊन माझ्याजवळ आले,
तोल सावरत, एकमेकांना धरत.
कोणी विचारलं नाही.
मी मशीन मांडीवर घेतलं
आणि उजवा पाय डाव्यावर टाकता टाकता
तसाच खाली ठेवला.